वीस की चौदा?

लक्ष्मीपूजन आटोपले आणि डहाणूच्या आमच्या चिकूवाडीत सतरंजी पडली. तलासरीहून मेहुणे आले होते. पैशांऐवजी चिकूच्या बिया. खेळ मात्र तीनपत्तीचा नव्हे, ओमाहाचा : हातातल्या चारांतली नेमकी दोन पाने आणि सतरंजीवरच्या पाचांतली तीन जुळवायची, बोली फार तर मधल्या ढिगाएवढी.

माझ्याकडे गुलाम, दश्शी, सत्ती, छक्की. सतरंजीवर नव्वी, अठ्ठी, दुर्री. तिन्ही निरनिराळ्या रंगांची. हाती काहीच नाही, पण रांग जुळवणारी २० पाने बाकी! दोन पाने उलटायची होती. म्हणजे शंभरांत ७० वेळा रांग ठरलेली. मी ढिगाएवढ्या बिया लोटल्या.

दश्शी आली. रांग लागली! पुन्हा लोटल्या. शेवटी मेहुण्यांनी राणी-गुलाम उलटले. त्यांची रांग माझ्याहून वरची!

"भाऊजी, पहिली बोली बरोबर, दुसरी चुकली," ते म्हणाले. "तुमच्या विसांतली खात्रीची १४च. गुलाम किंवा दश्शी आली की राणीवाला वरचढ. तिथे हात आखडावा."

बिया होत्या म्हणून वाडी वाचली. मंडळी, आशा किती आहेत हे कोणीही मोजतो. फळल्यावर त्यांतल्या आपल्या किती उरतील, हे मोजणारा खरा खेळगडी.