सरासरीने चूल पेटत नाही

"राज्याचं दरडोई उत्पन्न बघा किती वाढलंय, मग सीमाभाग मागास कसा?" हा प्रश्न हल्ली वारंवार आमच्या तोंडावर फेकला जातो. त्याला माझं उत्तर.

कर्नाटकाच्या एकूण उत्पन्नात एक तृतीयांशाहून जास्त वाटा एकट्या बंगळूर शहर जिल्ह्याचा आहे. त्याची सरासरी काढून ती खानापूरच्या माथी मारायची, हा कसला हिशेब? शिवाय उत्पादन जिथं होतं तिथंच मोजलं जातं. आपला पोरगा गोव्यातल्या हॉटेलात राबतो, भर गोव्याच्या आकड्यात पडते.

आयर्लंडचं उदाहरण घ्या. २०१६ साली तिथं जाहीर झालं की आदल्या वर्षी अर्थव्यवस्था २६ टक्क्यांनी वाढली! मुख्य कारण काय, तर बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली मालमत्ता कागदोपत्री तिकडं हलवली. लोकांच्या खिशात काही तेवढी भर पडली नव्हती. पण तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने नंतर हा फुगवटा वगळणारं वेगळं माप तरी काढलं.

आमची मागणीही तेवढीच आहे. तालुकावार उत्पन्न, रोजगार आणि स्थलांतर मोजा, आणि ते आकडे मराठीतही छापा. तोवर सरासरी दाखवून आम्हाला गप्प बसवू नका.