पांच बादल्या दूध

जॉर्ज ऑर्वेल यांचें 'ॲनिमल फार्म' हें लहानसें पुस्तक १९४५ सालीं प्रसिद्ध झालें. आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं तें वाचलें नसेल त्यांच्यासाठीं कथानक थोडक्यांत सांगतों. इंग्लंडांतील एका शेतावरचीं जनावरें दारुड्या मालकाला हांकून देतात आणि समतेचे सात नियम भिंतीवर लिहितात. कांहीं वर्षांनीं त्यांच्यांतलेंच नेपोलियन नांवाचें डुक्कर हातीं चाबूक घेऊन दोन पायांवर चालूं लागतें. १९१७ नंतरच्या रशियाचें व स्टॅलिनच्या राजवटीचें हें रूपक होय.

नेपोलियन बिघडला केव्हां? बहुतेक वाचक कुत्र्यांच्या प्रसंगाकडे बोट दाखवितात. त्यानें नऊ पिल्लें आयांपासून तोडून माळ्यावर गुप्तपणें वाढविलीं आणि एके दिवशीं तीं आपला प्रतिस्पर्धी स्नोबॉल याच्यावर सोडलीं. प्रसंग भयंकर खरा. पण आमच्या मतें तोंवर फार उशीर झाला होता. स्वातंत्र्याच्या पहिल्याच सकाळीं गाईंचें पांच बादल्या दूध निघालें. दुधाची व्यवस्था मागाहून पाहूं, आधीं गवत कापा, असें सांगून नेपोलियन बादल्यांपुढें उभा राहिला. संध्याकाळीं जनावरें परतलीं तों दूध नाहींसें झालेलें! पुढें सफरचंदेंही डुकरांच्याच वांट्यास गेलीं. कारण काय, तर कारभार पाहणाऱ्यांचें डोकें शाबूत राहिलें पाहिजे; डुकरें दूध पितात तीं केवळ इतरांच्या हितासाठीं. खुद्द ऑर्वेल यांनींही १९४६ च्या एका पत्रांत कथेला कलाटणी मिळते ती येथेंच असें म्हटलें आहे. (बिहारांतील मोतीहारी येथें जन्मलेल्या या लेखकानें तरुणपणीं पांच वर्षें ब्रह्मदेशांत पोलीस अधिकाऱ्याची नोकरी केली होती, अधिकार म्हणजे काय हें त्यांना ऐकून ठाऊक नव्हतें.)

एक गोष्ट मात्र सहसा नजरेंतून सुटते. दुधाच्या बाबतींत स्नोबॉलही नेपोलियनशीं सहमत होता. त्यामुळें, स्नोबॉल जिंकता तर सारें सुरळीत झालें असतें, हें म्हणणें आम्हांस पटत नाहीं.

नियम बदलतात तो भाग विद्यार्थ्यांनीं दोनदां वाचावा. पलंगावर निजण्याची बंदी असते, ती केवळ चादर अंथरलेल्या पलंगापुरती उरते. मद्याची बंदी अतिरेकापुरती उरते. क्लोव्हर घोडीला कांहीं तरी चुकल्यासारखें वाटतें, पण तिला अक्षरें जुळवितां येत नाहींत. ती शेळीकडून वाचून घेते तों भिंतीवर तसेंच लिहिलेलें, आणि ती बिचारी आपल्याच स्मरणशक्तीला दोष देते. बॉक्सर घोडा तर चार अक्षरांपुढें गेलाच नाहीं. नेपोलियनचें कधीं चुकत नाहीं असें मनाशीं घोकून तो अधिकच राबे. त्याच्याविषयीं आम्हांस माया वाटते, त्याच्या निष्ठेचें कौतुक मात्र करवत नाहीं.

याहून आमचा राग आहे तो बेंजामिन गाढवावर. त्याला डुकरांइतकेंच उत्तम वाचतां येत होतें. पण वाचण्याजोगें येथें आहे काय, म्हणून तो गप्प राही. क्लोव्हरनें विनविलें तरी त्यानें भिंतीवरचा नियम वाचून दाखविला नाहीं. अखेर तो सर्वांपुढें वाचूं लागला तें एका गाडीवरचें नांव. घोडे मारून सरस उकळणाऱ्या माणसाची ती गाडी होती. बॉक्सरला आंत घालून तिचें दार तेव्हां लागलेंही होतें.