पाहिलेल्यांसाठीच छापलेली पुस्तके

चित्र भिंतीवर राहते, पुतळा चौकात उभा राहतो. पण कलावंत स्वतःच्या देहाने, चार लोकांसमोर जी कला सादर करतो ती त्याच संध्याकाळी संपते. मांडणशिल्पाचेही तेच. प्रदर्शन उठले की मडकी, कापड, माती सगळे ट्रंकेत किंवा उकिरड्यावर. मागे उरतात काही छायाचित्रे आणि ती छापणारे पुस्तक. पुस्तक नाही तर ती कलाही नाही, असा हा रोकडा हिशेब आहे. म्हणून अशी पुस्तके कोणत्या भाषेत निघतात आणि कोणाच्या हाती पडतात, हे विचारणे आम्हाला भाग आहे.

ती इंग्रजीत निघतात. मुंबई-दिल्लीच्या गॅलऱ्या ती काढतात. गुळगुळीत कागद, चार आकडी किंमत. नांदेड-लातूरच्या ज्या ग्रंथालयांत आमचे जाणे-येणे आहे, तिथे त्यांतले एकही आमच्या दृष्टीस पडलेले नाही. ज्यांनी तो प्रयोग पाहिला, त्यांच्याच दिवाणखान्यात ते पुस्तक जाऊन पडते. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी ते असायला हवे होते, एवढी साधी गोष्ट कोणाच्या डोक्यात येत नाही.

रुम्माना हुसेन हे नाव आमच्या किती वाचकांनी ऐकले आहे? जन्म १९५२, मृत्यू १९९९. आधी त्या चित्रे काढीत. ६ डिसेंबर १९९२ला बाबरी मशीद पडली, मागोमाग मुंबईच्या दंगली झाल्या, आणि त्यांनी कॅनव्हास बाजूला ठेवला. फुटकी मडकी, गेरू, नीळ, आरसे, म्हणजे आमच्या आई-खालांच्या घरातले सामान घेऊन त्या काम करू लागल्या. १९९५ साली मुंबईच्या एनसीपीएमध्ये त्यांनी ‘लिव्हिंग ऑन द मार्जिन्स’, म्हणजे काठावरचे जगणे, हा प्रयोग केला. पायांत घुंगरू, हातात मधोमध चिरलेली पपई, तोंड किंकाळी फोडल्यासारखे वासलेले आणि आवाज मात्र नाही. १९९८च्या एका प्रयोगात मुस्लिम बाईबद्दल दुनिया जे धरून चालते, त्यावर त्यांनी एकामागून एक सवाल वाचले. त्या वेळी कर्करोग त्यांच्या अंगात होता.

वर्गात आम्ही त्या प्रयोगाचे छायाचित्र दाखवले तेव्हा मागच्या बाकावरून सवाल आला, “सर, ये बाई पपई लेके काय कू चिल्लारी?” असा नेमका प्रश्न मोठमोठ्या समीक्षकांनाही सुचायचा नाही. त्या मुलाला आम्ही जबाब दिला. पण त्याला वाचायला द्यावे असे मराठीत वा उर्दूत एक पान आमच्याजवळ नव्हते. ज्या बाईने आमच्याच घरातले दुःख मांडले, तिच्यावरचे लेखन आमच्याच घरातल्या भाषांत नाही.

मकबूल फिदा हुसेन यांचेही तेच झाले. हा माणूस पंढरपूरचा, १९१५चा जन्म. लातूरहून मिरजेकडे जाणारी रेल्वे त्याच्या गावावरून जाते, इतका तो आमच्या शेजारचा. १९९२ साली त्यांनी कलकत्त्यात लोकांसमोर सहा देवींची चित्रे रंगवली आणि शेवटी पांढरा रंग फिरवून ती स्वतःच पुसून टाकली. देवीचे विसर्जन जाणणाऱ्या बंगालमध्ये हा प्रयोग झाला, हे लक्षात घ्या. त्याच वर्षी मुंबईच्या जहांगीर गॅलरीत ‘श्वेतांबरी’ मांडले: नुसते पांढरे कापड आणि जमिनीवर फाटक्या वर्तमानपत्रांचे तुकडे. आमच्याकडच्या सामान्य वाचकाला यातले काय कळले? त्याला १९९६ नंतरचा वाद कळला, १९९८चा घरावरचा हल्ला कळला, २००६ साली देश सोडणे कळले. २००८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने खटले रद्द केले, ते तेवढेसे कळले नाही. २०११ साली लंडनमध्ये ते वारले. कलावंताचे काम वाचकापर्यंत न पोहोचवता फक्त भांडण पोहोचवले की असेच होते.

मराठीत काहीच झाले नाही असे आम्ही म्हणत नाही. शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकलेचा खंड निघाला, तो मोलाचा आहे. पण चरित्रकोशात माणूस सापडतो. अमुक संध्याकाळी काय घडले, समोरचे लोक हसले की गप्प बसले, हे त्यात कसे मावणार?

आता आमच्या बिरादरीतल्या बुजुर्गांशी दोन शब्द. तसवीर जायज की नाजायज, ही बहस उलेमांची. आम्ही तीत पडत नाही. पण त्याच बुजुर्गांच्या मुलांना इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षेला आम्हीच बसवतो, कारण दहावीला वाढीव गुण मिळतात. लातूर पॅटर्नच्या मुलखात गुणांसाठी चित्र चालते, समजून घेण्यासाठी चालत नाही! हे कोडे आम्हाला सुटलेले नाही.

शिवाय आमच्याच गावांत काय काय संपत चालले आहे ते बघा. मोहरमच्या सवाऱ्या, अलाव्याभोवतीचा फेर, अंगभर पिवळे-काळे पट्टे रंगवून नवस फेडणारे वाघ. त्यांत हिंदू घरांतली पोरेही असायची. हे बिदत आहे म्हणणाऱ्यांनी जरूर म्हणावे. पण मुंबईत कोणी अंग रंगवून उभा राहिला तर त्याचे जाडजूड पुस्तक होते, आणि इथला वाघ पहाटे अंग धुतो तेव्हा त्याची कुठे नोंदही राहत नाही. तो पट्टे रंगवणारा हात आता म्हातारा झाला आहे.

गॅलऱ्यांकडे आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक जाड पुस्तकामागे बत्तीस पानांची एक साधी पुस्तिका काढा, एका बाजूने मराठी, दुसऱ्या बाजूने उर्दू. उर्दू उजवीकडून सुरू होते, मराठी डावीकडून. दोन्ही मधल्या पानावर भेटतील, छापणाऱ्यालाही सोयीचे. कागद वर्तमानपत्राचा चालेल. शाळांच्या ग्रंथालयांना ती फुकट द्या. मजकूर आम्ही शिक्षक लिहून देऊ, उर्दूही आम्हीच करू. छायाचित्रे वापरायची परवानगी तेवढी तुम्ही द्या.