रजेवरील खाकी

गेल्या चैत्रांत एका आप्तांच्या घरच्या मुंजीनिमित्त आम्हांस वळसंगास जाण्याचा योग आला. सोलापुराहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें हें गांव. येथील बोलणें मराठींत सुरू होऊन कानडींत केव्हां शिरतें हें ऐकणारास कळत नाहीं. मुहूर्तास अवकाश होता, म्हणून स्टँडाजवळच्या चहाच्या दुकानांत आम्ही क्षणभर टेकलों.

समोर चौघांना पुरेल अशा बाकावर एक खाकी गणवेशांतील तरुण एकटाच बसला होता. दुकानांत उभीं राहिलेलीं माणसें पांचसात तरी असतील, पण त्याच्या शेजारीं कोणी बसेना. चहा झाल्यावर तो पैसे काढूं लागला तों दुकानदार म्हणाला, "राहूं द्या, साहेब." तरुणानें दोनदां आग्रह केला, अखेर पैसे पुन्हां त्याच्याच खिशांत गेले. इतक्यांत एक वृद्ध शेतकरी त्याच्यापुढें येऊन उभा राहिला. विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीस गेली होती व ठाण्यांत चार खेपा घालूनहि तिचा पत्ता नव्हता. तरुण अवघडून म्हणाला, "आजोबा, मी पोलीस न्हाई. मी जेलकडं हाय, शिपाई." म्हातारा मुळींच डगमगला नाहीं. "मग बरंच झालं की! चोर शेवटी तुमच्याकडंच येणार न्हवं? आला की माझी केबल तेवढी इचारा."

दुकानांत हंशा पिकला. तो तरुणहि हंसला. परंतु त्या हंशांत एक मनुष्य सामील झाला नव्हता. कोपऱ्यांतला एक मध्यम वयाचा गृहस्थ अर्धा कप तसाच ठेवून, पाठ वळवून निघून गेला. मुंजीच्या मांडवांत यजमानांकडून आम्हांस समजलें तें असें: कोणत्याशा फिर्यादींत सांपडून हा मनुष्य दीड वर्ष कच्चा कैदी म्हणून तुरुंगांत होता, पुढें कोर्टानें त्यास निर्दोष सोडलें. ज्या तुरुंगांत तो होता तो निराळा, तेथील पहारेकरी निराळे. कापड मात्र तेंच.

या प्रसंगावरून जो प्रश्न आमच्या मनांत आला तो वाचकांपुढें ठेवावा असें वाटतें. तुरुंगाच्या शिपायानें कामावर नसतांना, रजेवर असतांना, लग्नामुंजींत, बाजारांत, मोटारींत आपला गणवेश घालून फिरावें काय?

कायद्याचें उत्तर अर्धेंच आहे. जो सरकारी नोकर नाहीं त्यानें तसें भासविण्याकरितां त्याचा पोशाख घातला तर तो गुन्हा होय. १८६० च्या दंडसंहितेंत त्यास तीन महिने कैद किंवा दोनशें रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्यायसंहितेच्या २०५ व्या कलमांत कैद तितकीच ठेवून दंड पांच हजारांपर्यंत नेला आहे. म्हणजे तोतयाची सोय कायद्यानें केली आहे. पण आमचा वळसंगचा तरुण तोतया नव्हे. तो अस्सल शिपाई आहे, आणि अडचण अस्सलाचीच आहे. कारण गणवेश रस्त्यावर येतांच, धारण करणाराच्या मनांत असो वा नसो, लोकांशीं कांहीं करार करूं लागतो. म्हाताऱ्यास वाटलें, हा माझी चोरी शोधील. दुकानदारास वाटलें, ह्याच्याकडून पैसे घेणें बरें नव्हे. तुरुंगाबाहेरच्या चोरीचा तपास हें त्याचें काम नव्हे, आणि फुकटच्या चहावर त्याचा हक्क नाहीं. दोन्ही करार खोटे, आणि त्यानें स्वतः एक शब्दहि खोटा उच्चारलेला नाहीं!

यांत खाकीचा स्वतःचाहि थोडा दोष आहे. फारशींतील 'खाक' म्हणजे माती, धूळ. १८४६ सालीं पेशावरास उभारलेल्या गाइड्स पलटणींत हा मातकट रंग प्रथम रूढ झाला, कीं शिपाई मातींत दिसूं नये. ज्याचा हेतु न दिसण्याचा, तोच रंग आज आपल्याकडे सर्वांत आधीं दिसतो. पोलीस, तुरुंगरक्षक, होमगार्ड, एस. टी.चा कंडक्टर, एकेकाळीं टपालवालाहि, अशा अनेकांच्या अंगावर तो चढला. खांद्यावरचीं अक्षरें वाचून भेद करणारा मनुष्य खेड्यांत विरळा. त्यास एवढेंच कळतें कीं सरकार आलें.

आणि सोलापूर जिल्ह्यास 'सरकार आलें' या शब्दांचा अर्थ पुस्तकांतून शिकावा लागला नाहीं. मे १९३० मध्यें सोलापुरांत मार्शल लॉ पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजीं मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन व जगन्नाथ शिंदे या चौघांस येरवड्याच्या तुरुंगांत फांशीं देण्यांत आलें. त्या मार्शल लॉच्या दिवसांत डोक्यावरच्या साध्या पांढऱ्या टोपीवरून माणूस धरला जाई. पोशाखाला माणसापेक्षां मोठें केलें म्हणजे काय होतें तें या जिल्ह्यानें दोन्ही बाजूंनीं पाहिलें आहे.

गणवेशाचा धोका खुद्द घालणारासहि असतो, हें आपल्या ध्यानांत सहसा येत नाहीं. उत्तर आयर्लंडांत १ नोव्हेंबर २०१२ रोजीं डेव्हिड ब्लॅक नांवाच्या तुरुंगाधिकाऱ्यास सकाळीं कामावर जात असतां भर रस्त्यावर, चालत्या मोटारींत गोळ्या घालून ठार मारलें. आपल्याकडची स्थिति इतकी विकोपास गेलेली नाहीं. तरीहि तुरुंगरक्षकाचा धंदाच असा कीं त्याच्या हाताखालून गेलेलीं माणसें उद्यां सुटून त्याच मोटारींत, त्याच यात्रेंत भेटणार. त्या भेटींत दोघेहि साधे नागरिक असावेत यांत दोघांचेंहि हित आहे. सुटलेल्या मनुष्याची शिक्षा संपलेली असते. आमच्या त्या कोपऱ्यांतल्या गृहस्थास तर शिक्षा झालीच नव्हती. त्याला आपल्या गांवांत चहा पुरा पिण्याचा अधिकार आहे.

तुरुंगाच्या भिंतीहि सैल होऊं शकतात, मग शिपायाच्या सदऱ्याचें काय, असें कोणी म्हणेल. औंध संस्थानानें १९३९ सालीं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसविलें. तेथें कैदी आपल्या कुटुंबासह राहून शेती करतात. त्यावरूनच पुढें 'दो आँखें बारह हाथ' हा शांतारामबापूंचा चित्रपट १९५७ सालीं निघाला. त्याची कथा त्याच मुलखांतल्या माडगूळकरांची. विश्वासावर कैदी राखतां येतो हें ज्या भागानें दाखविलें, तो भाग वळसंगाहून फार दूर नाहीं.

आतां त्या तरुणाची बाजू. मुंजीच्या जेवणाला तोहि आला होता; घर यजमानांच्या शेजारचें. आम्हीं त्यास सरळ विचारलें. तो रागावला नाहीं. रात्रपाळी संपली ती पहांटे, मोटार गांठायची, कपडे बदलावयास बरी जागा नाहीं, पिशवींत इस्त्रीचा गणवेश चुरगळतो, आणि परत हजर होतांना तो कडक लागतो. हें सर्व खरें असेल. ज्या खात्यानें गणवेश दिला त्यानें फाटकाशीं एक खोली व कुलपाचें कपाट द्यावें, मग नियमाचा बडगा दाखवावा, हें आमचें स्पष्ट मत आहे. नुसतें परिपत्रक काढून ही गोष्ट सुटणार नाहीं.

आणि आम्हीं तरी त्यास कोणत्या तोंडानें उपदेश करावा? गळ्यांतली नळी न काढतां मंडईंत भाजी घेणारे डॉक्टर आमच्याच घरांत आहेत. काळा कोट घालून लग्नाच्या पंगतींत मिरविणारे वकीलहि आहेत. आमच्या आजोबांची रीत मात्र निराळी होती. कचेरींतून येतांच पगडी खुंटीवर चढे. ती खुंटीवर असेतों घरांत दाव्याची गोष्ट कोणीं काढावयाची नाहीं. पक्षकार ओटीवर ताटकळत बसे, पण बोडक्या डोक्यानें आजोबा त्याला सल्ला देत नसत. लहानपणीं आम्हांस तो नुसता हेका वाटे.

हें सारें आम्हीं त्या तरुणास थोडक्यांत सांगितलें. तो म्हणाला, "तुमचं पटतंय, काका. पण आईला सांगा." संध्याकाळीं आम्ही निरोप घेण्यास शेजारीं गेलों तेव्हां त्यानें सदरा काढून भिंतीला टांगला होता. इतक्यांत बाहेरगांवची मावशी आली. आईनें तिला दारांतच थांबविलें, ओवाळणीचें तबक हातांत घेतलें, आणि मुलास हांक मारली, "अरे, वर्दी घाल की! मावशीनं अजून बघितलं न्हाई तुला."

त्यानें आमच्याकडे एकदां पाहिलें आणि सदरा पुन्हां अंगांत चढविला.