न्यायप्रविष्ट आहे, म्हणून?

"प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, कृपया कुठेही चर्चा करू नये." आयटीत दोन-चार वर्षं काढली की एचआरची अशी मेल एकदा तरी येतेच. क्लायंटने आमच्या कंपनीवर दावा ठोकला तेव्हा मलाही आली. वाचली, हसलो, विसरलो.

मग दिवाळीला खामगावला आलो. ओट्यावर काकांनी विचारलं, "काऊन रे, तुही कंपनी डुबून राह्यली म्हंते?" झालं! निम्मं ऐकीव, निम्मं मनाचं असं तासभर बोललो. "त्या प्रोजेक्टवाल्यांचं काही खरं नाही," हेही ठोकून दिलं. त्या प्रोजेक्टवर गावातलाच माझा एक मित्र होता. आठ दिवसांत ही गोष्ट त्याच्या होणाऱ्या सासरी पोचली आणि जमलेली सोयरीक मोडली. पुढे दावा तडजोडीत मिटला, मित्राची नोकरी शाबूत राहिली. सोयरीक मात्र परत जुळली नाही.

म्हणून सांगतो, ही विनंती पाळा. कंपनीच्या प्रेमापोटी नको. दाव्यात आपल्यासारखी माणसं अडकलेली असतात, आणि त्यांना उत्तर द्यायचीही बंदी असते. बिचारा मित्र खरं काय ते सासरी सांगूही शकला नाही.

पण म्हणून कंपनीने या शब्दाचं झाकण करून सगळ्यावरच ठेवावं का? अजिबात नाही!

'ब्लिट्झ' साप्ताहिकाचे संपादक करंजिया यांच्यावर १९६० साली ठाकरसींनी तीन लाखांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. १९६४ मध्ये मुंबई हायकोर्टात एका साक्षीदाराने विनंती केली, की साक्ष छापून आल्याने धंद्याला फटका बसतोय, तेव्हा यापुढची छापू देऊ नका. न्या. तारकुंडे यांनी तोंडी आदेशाने ते मान्य केलं. बातमीदार नरेश श्रीधर मिरजकर सुप्रीम कोर्टात गेले आणि १९६६ साली हरले. नऊ न्यायमूर्तींच्या पीठात एकट्या न्या. हिदायतुल्लांनी विरोधी मत दिलं. मला विचाराल तर तेच बरोबर होते. धंद्याला फटका बसतो म्हणून उघड्या कोर्टातलं बोलणं झाकायचं, तर कोर्ट उघडं ठेवायचं कशाला?

पुढे सहारा विरुद्ध सेबी खटल्यात, २०१२ साली, घटनापीठाने सांगितलं की बातमी पुढे ढकलण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं. पण न्यायाला खराखुरा धोका असेल, दुसरा इलाज नसेल, तेव्हाच आणि थोड्याच काळासाठी. म्हणजे गप्प करायला कोर्टालासुद्धा कारण आणि मुदत लागते. मग एचआरला का नको?

कोर्टाच्या कामकाजाचं खरं आणि नीट वार्तांकन हा अवमान नाही, हे १९७१ च्या कायद्यातच आहे. त्यामुळे माझा हिशोब साधा आहे. कोण जिंकणार, कोण चोर, कोणाची नोकरी जाणार, यावर तोंड बंद. उघड्या कोर्टात काय झालं, आदेश काय निघाला, हे विचारायला आणि सांगायला कोणाच्या बापाची परवानगी नको.

असो. मी खामगावातच आहे, आणि काका ओट्यावर वाट बघतायत. आज कापसाच्या भावावर बोलू.