दप्तर घरी राहिलं, पुढं काय?




आपल्या कर्नाटकात महिन्यातला एक शनिवार मुलं दप्तराविना शाळेत जातात. त्याला ‘संभ्रम शनिवार’ म्हणतात. कन्नडमध्ये संभ्रम म्हणजे आनंदसोहळा. बेळगावकर मराठी कानाला मात्र त्यात गोंधळच ऐकू येतो! बेत चांगला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीला दहा दप्तरमुक्त दिवस सांगितलेत. पण त्या दिवशी काय करायचं हे मूल ठरवतं का? बहुतेक ठिकाणी नाहीच. ते फक्त दप्तर घरी ठेवतं.

धर्मग्रामाच्या मराठी शाळेत मी तीस वर्षं गणित शिकवलं. एकदा सातवीला म्हटलं, क्षेत्रफळ घरच्या कामातून ज्याला जसं जमेल तसं मांडून दाखवा. चार दिवस नुसता गलका. मग वडगावच्या विणकराची एक मुलगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी, साडीची लांबी आणि पन्हा लिहून घेऊन फळ्यापाशी आली. पुस्तकात बागेच्या चारी बाजूंनी रस्ता असायचा, तेच गणित मी काठाला लावायला गेलो. ती म्हणाली, “सर, काठ लांबीच्या दोनच बाजूंना असतो. पदराकडं कुठला काठ?” वर्ग हसला, मीही हसलो. ती मात्र न थांबता गणित करत राहिली.

पुढच्याच आठवड्यात वरून विचारणा झाली, पोर्शन मागं का? तपासणी तोंडावर होती. मी खडू परत हातात घेतला. ती मुलगी पुन्हा गप्प झाली, ती वर्ष संपेपर्यंत. भांडायला हवं होतं, मी भांडलो नाही.

पाढे, शुद्धलेखन मुलांच्या मर्जीवर सोडा असं मी म्हणत नाही. ते घोटूनच घ्यावं लागतं. पण मुलाला मुभा द्यायची तर आधी ती मास्तराकडं हवी ना? शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ म्हणतं, कृतीतून, शोधातून शिकवा. त्याच कायद्याचं कलम २७ मास्तराला जनगणनेला आणि निवडणुकीला धाडायची सोय ठेवतं. २०२४ मध्ये आपल्याकडं दहावीला वर्षात तीन परीक्षा झाल्या. मुलांची धास्ती कमी झाली, हे बरंच झालं. तरी मूल कितीदाही पेपर देवो, तो त्याच साच्यातला.

राज्यघटनेच्या कलम ३० नं आपल्या संस्थांना शाळा चालवण्याचा हक्क दिलाय. सरकारी अभ्यासक्रम पाळूनही वेळापत्रकात थोडी जागा काढता येते. फादर, सिस्टर आणि पालक संघाला माझी विनंती एवढीच: येत्या जूनपासून आठवड्याच्या दोन तासिका मुलांच्या हाती द्या, आणि त्या दोन तासिकांचा पोर्शन कुणी मास्तराकडं मागू नका.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, बेळगाव