चुकलं, पण किती?

बारावीनंतर केमिस्ट्रीला रामराम ठोकला. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ती एकदा नाइलाजाने भेटली, मग कायमची सुटली. त्यामुळे पुण्यात पीएचडी करणारी माझी मावसबहीण "क्लस्टरवर जॉब टाकलाय, उद्या एनर्जी कळेल" म्हणाली तेव्हा मी उडालोच. टेस्ट ट्यूब? नाहीतच! रेणूचा आकार, ऊर्जा, विक्रियेतला अडथळा, सगळं गणिताने काढायचं. मग जॉन पोपल या माणसाचं नाव कळलं आणि माझे दोन शनिवार त्यातच गेले.

पोपल मुळात गणिती. १९९८ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्याला वॉल्टर कोनबरोबर मिळालं (आणि कोन फिजिक्सवाला. घ्या!). रेणूतला प्रत्येक इलेक्ट्रॉन दुसऱ्या प्रत्येकाला ढकलत असतो, त्यामुळे समीकरण नेमकं सुटत नाही. इलेक्ट्रॉनचा ढग दाखवायला स्लेटरचं फंक्शन चांगलं, पण त्याची इंटिग्रल्स कॉम्प्युटरचा जीव काढतात. आणि फंक्शन्स दुप्पट केली की इंटिग्रल्स जवळपास सोळापट! गाऊसियन फंक्शन केंद्रकापाशी चक्क चुकीचं, तिथे टोक हवं तर हा गोल घुमट. पण दोन गाऊसियन गुणले की पुन्हा एक गाऊसियनच मिळतं, हिशोब झटपट. हे बॉइजने १९५० मध्येच दाखवलं होतं. पोपलच्या गटाने १९६९ मध्ये तीन गाऊसियनच्या बेरजेवर एका स्लेटरचं काम भागवलं, आणि १९७० मध्ये 'गाऊसियन ७०' हा प्रोग्रॅम आला.

"म्हणजे जुगाडच की," मी म्हणालो.

"नाही रे दादा. जुगाडवाला चूक मोजत नाही. यांनी मोजली."

पोपलचा आग्रह असा, की पद्धत एकदा ठरली की प्रत्येक रेणूला तशीच लावायची, सोयीप्रमाणे फिरवायची नाही, आणि उत्तरं प्रयोगातल्या आकड्यांशी ताडायची. १९९१ ची जी-२ पद्धत अशा १२५ आकड्यांवर तपासली. सरासरी चूक मोलमागे सुमारे १.२ किलोकॅलरी. हा आकडा क्षुल्लक वाटतो ना? अडथळ्याच्या ऊर्जेत एक किलोकॅलरी चुकली तर खोलीच्या तापमानाला विक्रियेचा वेग पाचपट चुकतो. दहा चुकल्या तर दोन कोटीपट. (आजकाल कोनच्या थिअरीचे इतके प्रकार निघालेत की जुळेल तो निवडायचा मोह होतो, असं बहीणच कबूल करते.)

माझं मत विचाराल तर हे नोबेल मला प्रोग्रॅमसाठी कमी आणि या शिस्तीसाठी जास्त दिल्यासारखं वाटतं. अंदाजे उत्तर द्यायला आम्हीही देतो हो, आमचं अख्खं हापिस त्यावरच चालतं. पण त्याला 'किती अंदाजे' हे चिकटवून कोण देतं?

मागच्या महिन्यात क्लायंटला स्लाइड दाखवली, 'मॉडेल ९४ टक्के अचूक'. त्रासदायक केसेस आधीच गाळल्या होत्या. गाळणारं स्क्रिप्ट मीच लिहिलेलं. कुणी विचारलं नाही, मी बोललो नाही. अप्रेझल जवळ होतं ना.

असो. काल रात्री गाळलेल्या केसेस परत घालून रन केलं. ८१ आलं. मॅनेजरला लिहिलेली मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे. उद्या सोमवार.